इन्हिबिटर (एन्झाइम अडवणारा रेणू) घालूनही एसटीडी (प्रथिनाला चिकटणाऱ्या लहान रेणूचा एनएमआर सिग्नल) निम्मा उरतो. लिगॅंड (चिकटणारा रेणू) अलॉस्टेरिक साइटला (ॲक्टिव्ह साइटहून वेगळ्या जागी) बसतोय असं म्हणता येईल का?

मृण्मय_७
७६ किलोडाल्टनचा होमोडायमर एन्झाइम. सॅम्पलमध्ये प्रथिन २० मायक्रोमोलर (मोनोमर धरून), फ्रॅगमेंट (हाच माझा लहान लिगॅंड) १ मिलिमोलर, डीएमएसओ (विद्रावक) २ टक्के. सॅच्युरेशन (प्रथिनावर टाकलेली रेडिओ पल्स) −०.५ पीपीएमला २ सेकंद, ऑफ-रेझोनन्स (तुलनेसाठी दूर टाकलेली पल्स) ४० पीपीएम. फ्रॅगमेंटचा केडी (जितका कमी तितकी पकड घट्ट) साधारण २०० मायक्रोमोलर येतो. ॲक्टिव्ह साइटचा इन्हिबिटर (केडी २ मायक्रोमोलर) २० मायक्रोमोलर घातला की एसटीडी निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा सिग्नल अलॉस्टेरिक साइटचा धरू का?

बफरवाला
नका धरू. आधी आकडेमोड करा. दोघं एकाच जागेसाठी भांडत असतील तर इन्हिबिटरचा केडी १ + १०००/२०० = ६ पट वाढलेला दिसेल, म्हणजे १२ मायक्रोमोलर. प्रथिन २० आणि इन्हिबिटरही २०, तर जेमतेम ४७ टक्के जागा भरतात. म्हणजे सरळसरळ स्पर्धा असली तरी तुमचा सिग्नल निम्माच उरणार! इन्हिबिटर २०० मायक्रोमोलरपर्यंत न्या, मग ९४ टक्के जागा भरतील. प्रत्येक पायरीला डीएमएसओ तेवढाच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

प्रथिनाशिवायचं सॅम्पलही त्याच सेटिंगवर घ्या. फ्रॅगमेंटला ०.९ पीपीएमच्या आसपास मिथिल असेल तर सॅच्युरेशन पल्स थेट त्याच्यावर पडू शकते, आणि तो खोटा सिग्नल बाइंडिंगचा वाटतो.

टीआर_समतोल
वरचं बरोबर, पण उलट बाजूही बघा. २०० मायक्रोमोलरला एसटीडी शून्यावर आला तरी जागा एकच आहे असं ठरत नाही. इन्हिबिटरने एन्झाइम एका रूपात अडकवला आणि फ्रॅगमेंटला दुसरं रूप लागत असेल, तर दोन वेगळ्या जागा असूनही फ्रॅगमेंट सुटतो. अलॉस्टेरिक एन्झाइमवर फसगत होते ती इथेच.

जागा कळायला प्रथिनाकडूनच बघावं लागेल. ७६ किलोडाल्टनला ड्यूटरेशनशिवाय (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम न घालता) नायट्रोजन-१५ एचएसक्यूसीत (प्रथिनाच्या द्विमितीय एनएमआर नकाशात) पीक रुंद होऊन विरतात. आयसोल्यूसिन-ल्यूसिन-व्हॅलिन मिथिल कार्बन-१३ ने लेबल करा आणि एचएमक्यूसी (तशाच नकाशाचा दुसरा प्रकार) घ्या. मिथिल-ट्रॉझीचा (मोठ्या प्रथिनातही मिथिलच्या रेषा बारीक राहण्याचा) फायदा एचएमक्यूसीतच मिळतो, एचएसक्यूसीत नाही. एटीकेस (एक अलॉस्टेरिक एन्झाइम) सुमारे ३०० किलोडाल्टनचं आहे, तरी त्याची टी (कमी क्रियाशील) आणि आर (जास्त क्रियाशील) रूपं याच पद्धतीने वेगळी दिसली.

आता पीक कसे सरकतात ते बघा. लांबलांबचे पीक हलले म्हणून लिगॅंड तिथे बसला असं नाही, रूप बदललं तरी ते हलतात. फ्रॅगमेंट आणि इन्हिबिटर दोन्हींत तेच पीक एकाच सरळ रेषेवर पुढेमागे होत असतील, तर तो टी-आर समतोलाचा बदल. रेषेबाहेर जाणारे मोजके पीक बाइंडिंग साइटजवळचे असण्याची शक्यता जास्त. पक्कं करायला फ्रॅगमेंट आणि त्या मिथिलांमधला एनओई (अगदी जवळच्या अणूंमध्येच दिसणारा सिग्नल) शोधा.

मृण्मय_७
मिथिलसाठी प्रीकर्सर (लेबल केलेला कच्चा माल) किती आणि कधी घालायचा?

टीआर_समतोल
जड पाण्यातल्या एम९ मध्ये (जिवाणू वाढवायच्या माध्यमात), इंडक्शनच्या (जिवाणूंना प्रथिन बनवायला लावण्याच्या) तासभर आधी: दर लिटरला अल्फा-कीटोब्युटिरेट ६० मिलिग्रॅम, अल्फा-कीटोआयसोव्हॅलरेट १०० मिलिग्रॅम. दुसऱ्यात एकच मिथिल कार्बन-१३ चं आणि दुसरं ड्यूटरेटेड असलेलं घ्या. दोन्ही लेबल केलेल्यात रेषा रुंदावतात. टायट्रेशनमध्ये मधेच पीक गायब झाला तर तो इंटरमीजिएट एक्सचेंज (लिगॅंडचं बसणं-सुटणं मधल्या वेगाने). तापमान बदलून बघा, आणि त्या पीकला फास्ट एक्सचेंजचं समीकरण लावून केडी काढू नका.