प्रतिसाद: जुन्या पीसीवर स्टेपर

सीएनसी यंत्राच्या (संगणकाने चालणाऱ्या कापकाम यंत्राच्या) स्टेपर मोटर, म्हणजे दर पल्सला एक ठराविक पाऊल फिरणाऱ्या मोटर, चालवायला जुना पेंटियम पीसी भंगारात देऊन नवीन लॅपटॉप घ्या, हा इथे दिलेला सल्ला मला पटत नाही. पॅरलल पोर्टवरून (जुन्या पीसीच्या प्रिंटरच्या सॉकेटवरून) पल्स, म्हणजे विजेचे ठोके, सोडायच्या असतील तर वेगापेक्षा वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं, आणि लॅपटॉप नेमका तिथेच दगा देतो. वीज वाचवायला तो मधूनच प्रोसेसर मंद करतो.

हिशोब बघा. मोटर २०० स्टेपची, ड्रायव्हर (मोटर फिरवणारं सर्किट) १/८ वर, म्हणजे एका स्टेपचे आठ भाग, स्क्रू एका फेरीत ५ मिमी सरकवणारा: एका मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला १२०० मिमी हवे असतील तर सेकंदाला ६४००, म्हणजे दोन पल्समध्ये जेमतेम १५६ मायक्रोसेकंद. एवढं जुन्या पीसीला सहज झेपतं.

माझ्या पीसीवर लिनक्ससीएनसीची (अशी यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामची) लेटन्सी टेस्ट, म्हणजे ठरल्या वेळेपासून पीसी किती चुकतो ते मोजणारी चाचणी, आधी ९० मायक्रोसेकंदांच्या पुढे जायची. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन वीजबचत आणि हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन कामं एकदम चालवणं) बंद केलं, तर १४ वर आली! टेस्ट निदान तासभर चालू ठेवा, आणि तेवढ्यात फाइली कॉपी करा, स्क्रीनवरच्या खिडक्या हलवा.

तरीही स्टेप चुकत असतील तर पोर्टच्या २ ते ९ पिनांवर मीटर लावून बघा. काही पोर्ट ३.३ व्होल्टच देतात, ड्रायव्हरच्या ऑप्टोला (सिग्नल प्रकाशाने पुढे देणाऱ्या भागाला) ५ लागतात. मध्ये ७४एचसीटी२४४ बफर (सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप) घाला.