रोज नवा व्यायाम, की तेच ते व्यायाम आणि वही?

फलाट क्रमांक तीन (धागाकर्ता)
आमच्या जिममध्ये नवा ट्रेनर आलाय. सोमवारी हवेच्या अर्ध्या चेंडूवर उभं राहून डंबेल, मंगळवारी दोरखंड आपटायचे, बुधवारी टायर उलटायचा. का, तर म्हणे "बॉडीला शॉक द्यायचा सर, सवय झाली की मसल वाढत नाही."

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ताकद हवी असेल तर तेच ते व्यायाम महिनोन्‌महिने करा: स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं), उभ्याने बार डोक्यावर ढकलणं, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं). आठवड्यातून तीनदा. जमेल तसं थोडं थोडं वजन वाढवायचं आणि वहीत लिहायचं. "स्क्वॉट ४० किलो, ५-५-५. शेवटचा जड गेला." म्हणजे पाच-पाच वेळा, तीन फेऱ्या. बस, एवढंच. रोज व्यायामच बदलला तर मागच्यापेक्षा जास्त उचललं की कमी, हे कळणार कशावरून?

हे काही मी शोधलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांवर हेच केलं. दहाच वेळा उचलता येईल इतकं वजन घ्यायचं आणि दर आठवड्याला ते पुन्हा तपासून वाढवायचं. १९४५ मध्ये त्याने ते छापलं. सुरुवातीला जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेची असते, दंड दिसायला त्यानंतर बराच वेळ जातो. तेवढा धीर नसतो म्हणून हे टायर.

लाल माती
वही-पेन नव्हतं तेव्हा माणसं काय लुळीपांगळी होती? आमचे आजोबा गिरणीतली पाळी संपवून लालबागच्या व्यायामशाळेत जायचे. जोर, बैठका, मुद्गल. सत्तरीत पाण्याचा हंडा एका हाताने उचलायचे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते तालमीच्या जोरावर. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन उभे राहा. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, ती मल्लखांबासाठी. ती पोरं खांबावर अंग तोलतात तशी तुमच्या बेंच प्रेसवाल्यांना क्षणभर तरी जमेल का?

फलाट क्रमांक तीन
नाही जमणार. मला तरी नाहीच. पण शंभर बैठका सलग मारू शकणाऱ्याने दीडशे मारल्या तर दम वाढतो, मांडीची ताकद फारशी नाही. अंगाचं वजन तेवढंच राहतं ना!

लाल माती
तालीम न बघता बोलताय. वस्ताद नवख्याला पहिल्या दिवशी शंभर जोर काढायला लावत नाही. दहा-पंधरापासून सुरू, मग चढती भाजणी. हलका मुद्गल फिरायला लागला की जड हातात. मल्लखांबावर साधी उडी नीट बसल्याशिवाय पुढची नाही. वही वस्तादाच्या डोक्यात असते, इतकाच फरक. तुम्ही जे सायबाच्या नावाने सांगताय ते आमच्याकडे मातीत चालायचंच.

कुर्ला पश्चिम
मी ट्रेनर आहे, आता चार शिव्या खायच्या तयारीने लिहितो. संध्याकाळी सातला माझ्याकडे दोन रॅक (बार ठेवायचे स्टँड) आणि वीसेक माणसं असतात. प्रत्येकाला स्क्वॉट शिकवायचा म्हणजे गुडघे आत जातात का, टाच उचलते का, कंबर वळते का, सगळं बघायचं. एकाकडे बघेपर्यंत बाकीचे मोबाइलवर. आणि तेच ते व्यायाम दिले की लोक कंटाळतात, वर्षाची फी भरून मार्चमध्ये गायब. टायर उलटायला तरी येतात. जो येतच नाही त्याची वही कोरीच राहणार ना? तुमचं शास्त्र बरोबर आहे हो, पण ते येणाऱ्यासाठी.

बदलापूर फास्ट
ट्रेनर साहेबांना पहिलं अनुमोदन. सकाळी सहाची गाडी, रात्री नऊला घरी, झोप साडेपाच तास. यात आठवड्याला तीन दिवस कुठून आणू? स्नायू जिममध्ये नाही, झोपेत भरतात असं तुम्हीच लोक सांगता. लोकलमध्ये दीड तास दांडीला लटकतो ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

गिरगावची सून
दोन दिवस चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही प्रौढांसाठी स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस असेच आहेत. दोन दिवस, तीन व्यायाम, पाऊण तास.

इथे सगळे दंडाबद्दल बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडते. सासूबाई ६८ च्या, चाळीचा जिना चढताना कठडा धरायच्या. सगळे एकच सांगायचे, "चालत जा." चालत होत्याच की! मग खुर्चीतून हात न टेकता उठ-बस सुरू केली. ते सोपं झाल्यावर छातीशी तांदळाची दोन किलोची पिशवी, नंतर तीन, आता पाच. कॅलेंडरवर भाजीवाल्याच्या हिशोबाशेजारी त्यांचा आकडा असतो आणि तो त्या स्वतः लिहितात. १९९० मध्ये अमेरिकेत सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली होती, त्यांच्या पायांची ताकद दीडशे टक्क्यांहून जास्त वाढली. तेव्हा "आता या वयात काय" हे बंद करा.

आणि वरणभातवाल्यांनो, वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅमच्या आसपास लागतात, वजनं उचलणाऱ्याला बरीच जास्त. दोन बांगडे किंवा मूठभर सोयाबीन वड्या घेतल्या तर प्रोटीन पावडरचा डबा विकत घ्यावा लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर.

लाल माती
सासूबाईंना नमस्कार. पण ही उठ-बस म्हणजे बैठकच झाली ना ताई? मी काय वेगळं म्हणत होतो?

गिरगावची सून
बैठकच. पिशवी सोडून.

फलाट क्रमांक तीन
@कुर्ला पश्चिम, एक खरी अडचण सांगा. डोक्यावर ढकलायचा बार ३० किलोला अडकलाय. जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीचची, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एकदम पाच किलो वाढतात. ३५ जात नाही. मालकाला सव्वा किलोच्या प्लेटा मागितल्या तर म्हणतो, लोक खिशात घालून नेतात.

कुर्ला पश्चिम
नेतात, खोटं नाही. धोबी तलावला खेळाच्या सामानाच्या दुकानांत विचारा, जोडी घ्या आणि आपल्या पिशवीत ठेवा. फक्त आधी जिममधल्या बारचं टोक मोजून जा. साध्या बारच्या प्लेटचं भोक पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतं, ऑलिंपिक बारचं पाच. चुकीची घेऊन आलात तर दुकानदार बदलून देत नाही.