समुद्रातल्या पवनचक्क्या अजून किती मोठ्या करायच्या?

खारावारा:
१९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबीजवळ जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प उभा राहिला. ११ यंत्रं, प्रत्येकी ४५० किलोवॉटचं, रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा व्यास ३५ मीटर. आज व्हेस्टास या डॅनिश कंपनीचं एकच यंत्र १५ मेगावॉटचं आहे, व्यास २३६ मीटर. म्हणजे तीन विंडेबी एका खांबावर! चीनच्या डोंगफांग कंपनीने तर २०२४ मध्ये २६ मेगावॉटचं यंत्र कारखान्याबाहेर आणलं. मला पवनऊर्जा हवी आहे, म्हणूनच म्हणते: १५ च्या आसपास थांबा आणि तेच यंत्र दहा वर्षं बनवत राहा. आकाराची ही शर्यत या धंद्याच्याच मुळावर येतेय.

यंत्रवेडा:
अजिबात पटलं नाही. व्यास दुप्पट झाला की वारा पकडणारं क्षेत्रफळ चौपट होतं. शिवाय समुद्रात खर्च नुसत्या यंत्राचा नसतो. पाया ठोकायचा, केबल टाकायची, क्रेनचं जहाज भाड्याने आणायचं. १००० मेगावॉटसाठी ५ मेगावॉटची २०० यंत्रं लागतात, १५ ची ६७. तब्बल १३३ पाये वाचले! पाया ठोकताना पाण्याखाली जो दणदणाट होतो, त्याने पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखे सागरी प्राणी) कित्येक किलोमीटर लांब पळतात. तो त्रासही कमी वेळा.

खारावारा:
क्षेत्रफळ चौपट, पण सगळी मापं त्याच प्रमाणात वाढवली तर वजन आठपट, त्याचं काय? ते टाळायला कार्बन फायबर आणि सडपातळ पाती आली. जमतंय, मान्य. पण दर वेळी नवं पातं, नवा साचा. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत व्हिनयार्ड विंड या सागरी प्रकल्पातलं १०७ मीटरचं पातं मोडलं. तुकडे नॅनटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले, किनारे बंद ठेवावे लागले.

यंत्रवेडा:
त्या पात्यात चिकटवण नीट झाली नव्हती, असं ते बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा कंपनीनेच सांगितलं. दोष कारखान्यातल्या कामाचा, आकाराचा नव्हे.

खारावारा:
तेच तर सांगतेय! चिकटवण म्हणजे हाताला बसायचं काम. एकाच साच्यातून शेकडो पाती काढल्यावर कुठे लेप कमी पडतो ते कामगाराला कळायला लागतं. तोवर तुम्ही साचाच बदलता.

दोरावरचा:
मी काही वर्षं पाती दुरुस्त करायचं काम केलंय, म्हणून लिहितो. एवढ्या मोठ्या पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळतं. त्या वेगात पावसाचा थेंब खडीसारखा बसतो. आधी रंग उडतो, मग लेप, मग खालचा काचतंतू उघडा पडतो. हात फिरवला की खरखर लागते. दोरावर लटकून ते घासायचं, भरायचं. पण वारा वाढला की खाली उतरावं लागतं, आणि ओल असेल तर रेझिन (भरायची चिकट राळ) धरत नाही. आठवडाभर जाऊन दोन दिवस काम झालं, असंही झालंय. यंत्रं कमी असली तर आमच्या फेऱ्या कमी, हे खरं. पण मोठं यंत्र थांबलं की एका दमात १५ मेगावॉट जातात.

यंत्रवेडा:
दोरावरचा, हे उपयोगी लिहिलंत. तरी मर्यादा घालायला माझा विरोधच. विंडेबीच्या वेळी थांबलो असतो तर?

खारावारा:
विंडेबीपर्यंत डेन्मार्क लहान यंत्रांवरून पायरी पायरीनेच पोचला होता. जर्मनीने मात्र १९८३ मध्ये एकदम १०० मीटर व्यासाचं, ३ मेगावॉटचं ग्रोवियान उभं केलं. ते बहुतेक काळ बंदच राहिलं, १९८८ मध्ये पाडलं.

यंत्रवेडा:
बरं, एवढं मान्य करतो: नमुना यंत्र दोन हिवाळे चालवल्याशिवाय त्याच्या ऑर्डरी घेऊ नयेत.

खारावारा:
दोन हिवाळ्यांत पात्याची कड झिजलेली दिसेल, सांधा थकलेला दिसणार नाही. यंत्र २५ वर्षं चालायचंय.