मदत हवी आहे: जुन्या बँजोलेलेचं कातडं ठेवावं की बदलावं?

मंडळी, तारवाद्यांची दुरुस्ती करणारं किंवा तबल्याच्या पुडीची जाण असणारं कुणी आहे का इथे?

मी इंग्लंडातल्या लँकेशरात राहतो. इथल्या कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) एक जुना बँजोलेले मिळाला. मान आणि चार तारा युकुलेलेच्या (छोट्या गिटारसारखं वाद्य), पोट बँजोचं, म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं. १९२०-३०च्या दशकांत इंग्लंडात याची फार चलती होती. हवाईहून आलेला आल्विन कीच लंडनमध्ये ‘बँज्युलेले’ नावाने ही वाद्यं विकायचा. आमच्या शेजारच्या विगनचा जॉर्ज फॉर्म्बी तर यावरच गाणी म्हणून घराघरांत पोचला. माझ्या वाद्यावर कुणाचाच शिक्का नाही, त्यामुळे किमतीचं सोडा. मला वाजवायचंय.

कातडं वासराचं, बहुधा मूळचंच. घोडीखाली (कातड्यावर उभी, तारा पेलणारी लाकडी पट्टी) खळगा पडलाय. कोरड्या हवेत आवाज कसा टणटणीत येतो! पाऊस आला (इथे तो येतोच) की कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते आणि तारा मानेवरच्या पडद्यांना (धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासून खरखरतात. हेअर ड्रायर फिरवला की हलगी शेकल्यासारखं तेवढ्यापुरतं जमतं. इथले दुकानदार म्हणतात, सरळ प्लास्टिकचं घाला. मन होत नाही.

शिवाय आधीच्या मालकाने स्टीलच्या तारा चढवल्यात. सोबतच्या जुन्या वहीत सूर ए-डी-एफ शार्प-बी दिलेत, हल्लीच्या जी-सी-ई-एपेक्षा एक स्वर वर. कुठले लावू?

प्रतिसाद:
आधी स्टीलच्या तारा उतरवा, नाहीतर मान वाकेल. नायलॉनच्या घाला. वहीतले सूर त्या काळचेच आहेत, खुशाल लावा. त्या ताणाला बँजोलेले जास्त खुलतो.

कातडं फाटलेलं नसेल तर बदलू नका. ड्रायर मात्र बंद. कड्याभोवती कातडं ताणून धरणाऱ्या हूकचे नट कोरड्या दिवशीच आवळायचे, समोरासमोरचे, एका वेळी पाव फेरा. ओलसर हवेत आवळलंत तर वाळताना आकसून फाटेल. घोडी चिकटवलेली नसते, सरकते. मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत ठेवा.

प्लास्टिकचं घालायची वेळ आलीच तर कड्याचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून मग मागवा. जुनी कडी आजच्या तयार आठ इंची मापात बसतीलच असं नाही. आणि हो, कड्याचा एक फोटो टाका, हूक किती शाबूत आहेत ते पाहू.