फिनलंडच्या जुन्या खेड्यात कॉफी बशीत ओतून प्यायचे म्हणे, खरं हाय काय?

अचलपूरवाला: माहा भाचा फिनलंडले कामाले हाय, त्यानं तिथल्या एका जुन्या शेतकऱ्याच्या घरातला फोटो पाठवला, चुलीपाशी लोखंडाचं झाकणवालं भांडं, वर फिरवाची कडी न हा एवढा लांब दांडा. म्हणे यात कॉफी भाजत. आन म्हाताऱ्या बाया दातात साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी प्यायच्या म्हणे. आमची आजी चहा अशीच फुर्र फुर्र प्यायची, फक्त खडा नसे. पोट्टा मामाची मजा घेऊन राह्यला काय?

रानपाखरू: मजा नाही दादा, खरं आहे, मी तिकडे दोन वर्षं होतो. बिया दुकानातून हिरव्या, कच्च्याच यायच्या, घरी विस्तवावर कडी फिरवत भाजायच्या आणि मग हातचक्कीत दळायच्या. गाळणी वगैरे नाही, तांब्याच्या किटलीत सरळ उकळायची आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. गाळ लवकर बसावा म्हणून काही घरी सुकवलेल्या माशाचं कातडं टाकत (तोंड वाकडं करू नका), चिमूटभर मीठही.

वऱ्हाडी_ताई: मासा?? राजेहो, त्यापेक्षा आपला गुळाचा काळा चहा बरा. आन ज्याच्याकडं पैसेच नाई तो काय प्यायचा?

रानपाखरू: ताई, राय (गव्हासारखं एक धान्य) नाहीतर जव भाजून, चिकोरीची मुळं टाकून तेच उकळायचे, त्याला कोर्विके म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तर खरी कॉफी मिळेनाशीच झाली, घरोघरी तेच. कॉफीचं रेशनिंग उठलं थेट १९५४ साली! आणि उत्तरेकडे एक गंमत, पूर्वी नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचं, आता बहुधा साध्या दुधाचं चीज विस्तवापुढे भाजून त्याचे तुकडे कपात टाकतात, वरून गरम कॉफी. मी खाल्लंय, दातात कचकच वाजतं, चव मस्त.

अचलपूरवाला: म्हंजे आपला खरवसच कॉफीत बुडवला म्हणा ना! आईले सांगतलं तं ती म्हणे तो भाचा तिकडं काय काय खात असन देवच जाणे 😄 बरं, चिखलदऱ्याची कॉफी आपल्या हाताशीच हाय, कच्च्या बिया आणून लोखंडी कढईत भाजून पाहतो. किती भाजू?

रानपाखरू: काळी करू नका, तिकडे फिकीच भाजतात. भाजताना हात थांबवला की एका बाजूनं करपलीच समजा.