प्रतिसाद: पाझर गढूळ असेल तर वाट पाहू नका

खानापूरकडच्या आपल्या सहलीच्या तळ्याचा बांध पाझरतो, त्यावर वर कुणीतरी लिहिलंय की मातीचा बांध थोडा पाझरणारच. खरं आहे, पण पाणी नितळ असेल तरच. बांधाच्या पायथ्याशी येणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून ठेवा. तळाशी माती बसली, तर आतून भराव वाहून चाललाय. तिथे सिमेंट थापून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, वर खडी असा थर द्यायचा, म्हणजे पाणी निघतं आणि माती थांबते. हा तात्पुरता उपाय. अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा.

आणि सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरच्या, त्या फळ्या मृगाआधी काढाच! बोटिंगसाठी पाणी चढवायचं म्हणून लावल्यात, पण इथला पाऊस काय असतो ते आपल्याला सांगायला नको. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे, १० ते १५ मीटरची काही अटींवर. आपला बांध त्यात बसत नाही, म्हणून ग्रामसभेतच विषय घ्या. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.