२५ हजारांत ४३ इंची टीव्ही: नक्की काय बघून घ्यावा?

मिरजेचा_प्रेक्षक
हॉल १० बाय १२, सोफ्यापासून टीव्हीची भिंत आठ फुटांवर. टीव्हीच्या बरोबर समोर पश्चिमेची खिडकी. बजेट २५ हजार, फार तर हजारभर वर. आईबाबा डीडी फ्री डिश बघतात, बाकी क्रिकेट आणि यूट्यूब. ४३ घ्यावा की थोडं ओढून ५०? दुकानदार '४के, एचडीआर, ए प्लस पॅनल' याच्यापुढे काही सांगत नाही.

पिक्सेलपंत
'ए प्लस पॅनल' हे कुठलंही प्रमाणित मोजमाप नाही, सोडून द्या. या किमतीत पडद्याचा उजेड साधारण २५०-३०० निट्सचा असतो, त्यामुळे एचडीआरही (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणं) नावापुरतंच.

आठ फुटांना ४३ पुरे. त्या अंतरावरून फुल एचडी आणि ४के यांतला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही: ४३ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा, आणि आठ फुटांवरून नजरेला साधारण पाऊण मिलिमीटरपर्यंतचंच वेगळं दिसतं. तरीही ४केच घ्या, कारण या आकारात फुल एचडी मॉडेल बहुधा काटकसरीचं असतं: रॅम कमी, प्रोसेसर मंद. रॅम २ जीबी आणि स्टोरेज ८ जीबी, याच्या खाली जाऊ नका. स्टोरेजचा निम्मा भाग तर सिस्टीमच खाते. मग वर्षभरात अ‍ॅप अपडेट व्हायला नकार देतात आणि लोक टीव्ही बिघडला म्हणतात.

पॅनल व्हीए प्रकारचं की आयपीएस, हे विचारा. व्हीएचा काळा रंग खरा काळा दिसतो, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं उलटं. तुमचा सोफा समोर आहे, व्हीए घ्या. दुकानात टीव्ही 'स्टोअर मोड'वर असतो, तो 'होम'वर टाकायला लावा. पेन ड्राइव्हवर रात्रीचं दृश्य असलेला एखादा व्हिडिओ न्या आणि कोपऱ्यांत उजेडाचे ढग दिसतात का ते पाहा.

राहिली खिडकी. समोरून येणारं प्रतिबिंब ३०० निट्सना आवरत नाही. जाड पडदा लावा, नाहीतर भिंत बदला.

छत्रीवाला
फ्री डिशचं कोणी बोलेना, म्हणून. स्पेसिफिकेशनमध्ये 'डीव्हीबी-एस२' (उपग्रहाचा ट्यूनर) शोधा. ते असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीत जाते. वेगळा बॉक्स नको, दुसरा रिमोटही नको. फक्त 'डीव्हीबी-टी२/सी' लिहिलं असेल तर तो ट्यूनर छत्रीसाठी नाही. सेटिंगमध्ये उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) युनिव्हर्सल असेल तर फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० आणि एलएनबी पॉवर 'ऑन'. ही पॉवर बंद राहिली की सिग्नल शून्य दाखवतो आणि लोक उगाच छत्री फिरवत बसतात.

मिरजेचा_प्रेक्षक
ट्यूनर नसलेलं मॉडेल स्वस्तात मिळतंय. जुना बॉक्स तीन रंगी वायरीचा आहे, चालेल का?

छत्रीवाला
चालेल, पण चित्र धूसर दिसेल. ५७६ ओळींचं चित्र ४३ इंचांवर ताणलं जातं. शिवाय बऱ्याच नव्या टीव्हींना तीन भोकं नसतात, हेडफोनसारखा एकच एव्ही जॅक असतो. त्याची छोटी पिन-वायर खोक्यात आहे का बघा. बाजारातली कुठलीही घेतली आणि तिच्या पिनचा क्रम वेगळा निघाला, तर पडदा काळा आणि आवाजात घरघर. शिवाय जुना बॉक्स एमपेग-२ चा (व्हिडिओ दाबून पाठवायची जुनी पद्धत) असेल तर नव्या एमपेग-४ पद्धतीच्या वाहिन्या दिसणारच नाहीत. एचडीएमआयचा एमपेग-४ बॉक्स घेतलेला बरा.

ड्रिल_आणि_प्लग
भिंतीवर लावणार असाल तर वीट आहे की एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा), ते आधी ठोकून बघा. ब्लॉकमध्ये स्क्रूचा साधा प्लग गरागरा फिरतो. त्याचे वेगळे प्लग मिळतात, आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. उंची: पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे टीव्हीची खालची कड जमिनीपासून साधारण ३० इंच. दिवाणाच्या वर टांगून मान मोडू नका. एचडीएमआय पोर्ट मागे असेल आणि ब्रॅकेट भिंतीला चिकटणारा असेल, तर नंतर वायर आत जात नाही. टांगण्याआधीच खोचा.

तुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत खोकं फोडू नका आणि फोडताना सलग व्हिडिओ घ्या. तुमच्या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती मिळते का, हे पैसे देण्याआधी कस्टमर केअरला विचारा, दुकानदाराला नको.

पिक्सेलपंत
किमतीचं एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या एमआरपीवर 'मोठी सूट' दाखवत असेल तर बिलात कर किती लावलाय ते बघा. आणि घरी आल्यावर बॅकलाइट १०० वरून ५०-६० वर आणा. पूर्ण उजेडात तापून आतल्या एलईडी पट्ट्या लवकर जातात. आवाज येतो, चित्र गायब.

छत्रीवाला
विजा कडाडल्या की प्लगबरोबर छत्रीची वायरही काढायची. वीज त्या वायरीतूनही आत येते आणि स्टॅबिलायझर तिथे काही करू शकत नाही.